मोरे गुरुजींचा अंगठा

"गुरुजी, ह्यो आंगठा तुमचा हाय का नाय, तेवढंच सांगा."

राहीबाई ढेबेने शाळेच्या पडवीत पाऊल टाकलं आणि हातातला कागद हैबती मोरे गुरुजींच्या टेबलावर आपटला. तिच्यामागून तिचा चुलत सासरा आबाजी काठी टेकत आला आणि दारातच उभा राहिला. आत सातचा पाढा चालला होता, तो सात पाचेला अडकला. अकरा पोरं माना वर करून बघायला लागली.

गुरुजींनी चष्मा लावला. कागद म्हणजे कुणाच्या तरी मोबाइलच्या पडद्याची झेरॉक्स. वर केंद्रप्रमुख साळुंखे सरांचा मेसेज, खाली एकेका मुख्याध्यापकाचं नाव आणि प्रत्येक नावाखाली उभा अंगठा. सातवं नाव 'हैबती मोरे, करंजटेप'. सकाळी अकरा वाजून चार मिनिटं.

"कुठून आणलात हा?"

"ग्रामसेवकानं दिला. म्हनला, टेपावरची शाळा बंद झाली, आता पोरं पायथ्याच्या शाळंत घाला. मी म्हनलं, आमाला इचारल्याबिगर कशी बंद झाली? तर म्हनला, तुमच्या गुरुजीनीच मान्य केलंय, ह्यो बघा आंगठा."

"मी काही मान्य केलेलं नाही, राहीबाई."

"मंग ह्यो कुनाचा? माजा?"

अंगठा गुरुजींच्याच फोनवरून गेला होता, यात खोटं काही नव्हतं. आणि तो त्यांनी दिलेला नव्हता, हेही तितकंच खरं होतं. या दोन्ही गोष्टी एका दमात या बाईला कशा सांगायच्या?

आबाजी दारातूनच बोलला, "सांगंल काय त्यो? दोन वर्सं उरली नोकरीची. गुडघं दुखतात. खाली रस्त्याची शाळा भेटंल, दाराम्होरं यष्टी थांबंल. इकली आमाला."

हे मात्र गुरुजींच्या जिव्हारी लागलं. अकरा वर्षं ते हा डोंगर चढत होते. करंजटेप म्हणजे माथ्यावरचा सव्वीस घरांचा धनगरवाडा. म्हशी, शेळ्या आणि उतारावर नाचणी-वरी. शाळा चौथीपर्यंत. पाचवीला पोरांनी चार किलोमीटर उतरून, मधला ओढा ओलांडून पायथ्याला जायचं आणि पावसाळ्यात ओढा भरला की घरी बसायचं. राहीबाईची थोरली जनी अशीच दोन पावसाळे घरी बसली, मग शेळ्यांमागे गेली ती गेलीच. धाकटी रंजिता आता दुसरीत होती. वरची शाळा गेली तर सहा-सात वर्षांची पोरं तो ओढा ओलांडणार नाहीत, त्यांचं शिक्षण तिथेच संपणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कळत नव्हतं ते खुर्चीत बसलेल्यांना.

"मला उद्यापर्यंतचा वेळ द्या," गुरुजी म्हणाले.

"घ्या की," राहीबाई म्हणाली. "आमाला कुनी दिला न्हवता." आणि रंजिताच्या हाताला धरून ती निघून गेली.

आता हा अंगठ्याचा काय प्रकार होता, ते सांगितलंच पाहिजे.

पिंपळदरी केंद्रात एकोणीस शाळा. त्यांच्या एकोणीस मुख्याध्यापकांचा मोबाइलवर एक ग्रुप आणि त्या ग्रुपचे धनी केंद्रप्रमुख अश्विन साळुंखे. पूर्वीचे केंद्रप्रमुख शाळेत यायचे, पोरांना दोन प्रश्न विचारायचे, चहा पिऊन वहीत शेरा लिहून जायचे. साळुंखे सरांनी तीन वर्षांत करंजटेप डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सकाळी सातला मेसेज सुरू. तात्काळ. अति तात्काळ. आजच. शौचालयाचा फोटो, हात धुतानाचा फोटो, झाड लावतानाचा फोटो, फोटो अंधुक आला म्हणून परत फोटो. आणि प्रत्येक मेसेजला अर्ध्या तासात अंगठा दाखवून पोच द्यायची. ज्याची पोच नाही त्याचं नाव संध्याकाळी लाल अक्षरांत, पुढे शेरा, 'यांना कामाची आवड नाही.' एका मुख्याध्यापकाने आईच्या चितेजवळ उभं राहून पोच दिली होती. हे सांगताना कुणी हसत नसे.

करंजटेपावर रेंज नव्हती. रेंज मिळायची ती खिंडीतल्या एका दगडावर, शाळेपासून वीस मिनिटं खाली. पहिलं वर्षभर गुरुजी दिवसातून तीनदा त्या दगडाकडे धावले. एकदा ते दगडावर असतानाच तालुक्याची तपासणी वर पोचली आणि पोरं एकटी सापडली म्हणून नोटीस मिळाली. दगडावर जावं तर वर्ग उघडा, वर्गात बसावं तर नाव लाल. शेवटी डोंगरातले इतर शिक्षक गुपचूप करत होते तेच त्यांनी केलं. सकाळी मोटरसायकल पायथ्याच्या शाळेत लावायची, फोन तिथल्या रेश्मा मॅडमच्या टेबलावर ठेवायचा आणि डोंगर चढायचा. मॅडमनी दिवसभर स्वतःच्या अंगठ्याबरोबर गुरुजींचाही अंगठा द्यायचा आणि महत्त्वाचं असेल ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. इतकं, की साळुंखे सर ग्रुपवर लिहायचे, 'मोरे गुरुजी डोंगरावर असून सर्वांत आधी पोच देतात. बाकीच्यांनी लाज बाळगावी.'

लाज बाळगायची वेळ आता मोरे गुरुजींवर आली होती.

शनिवार होता, सकाळची शाळा. पोरं सोडून गुरुजी उतरले ते थेट रेश्मा मॅडमच्या टेबलापाशी. बाई एकटीच बसली होती, दोन फोन समोर. एक तिचा, एक गुरुजींचा. गुरुजींनी झेरॉक्स पुढे सरकवली. तिने वाचली आणि तिचा चेहरा उतरला.

"त्या दिवशी बेचाळीस मेसेज होते, गुरुजी. त्यात ही चौदा पानांची फाईल. मी उघडलीच नाही. माझ्या फोनवरचीसुद्धा नाही उघडली."

गुरुजींनी डायरीतून त्या दिवशीची चिठ्ठी काढली. 'आधारची माहिती दिली. हात धुण्याचा फोटो जुनाच पाठवला. बाकी किरकोळ.'

"किरकोळ," गुरुजी म्हणाले. "आमची अकरा पोरं आली की तुमचा पट वीसच्या वर जाईल, मॅडम. तुमची शाळा वाचली."

बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. पण सुटलेला शब्द थोडाच परत येतो?

रेश्मा मॅडम उठून उभी राहिली. "मी तुमच्याकडे मागायला आले नव्हते. तुम्हीच फोन आणून ठेवलात. दोन वर्षं माझी पोरं सोडून मी तुमचे अंगठे दिले, त्याचं हे? सात वर्षं नवरा-मुलापासून लांब काढली, तेव्हा ही बदली मिळाली. कुठेही माझं नाव घेतलंत तर याद राखा."

"नाही घेणार."

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली आणि गुरुजींचा फोन त्यांच्याकडे सरकवून दिला.

गुरुजी बाहेरच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी ती फाईल उघडली. चौदा पानं. अक्षर मुंगीएवढं. एकेक ओळ बोटाने वर ढकलत ते वाचत गेले. सहाव्या पानावर शाळांची यादी, त्यात करंजटेप. अकराव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. शाळा व्यवस्थापन समितीला हरकत घ्यायला आदेशापासून पंधरा दिवस. हरकत आली तर सुनावणी होईपर्यंत शाळा बंद करायची नाही. मुख्याध्यापकाने आधी सहमती दिली असेल, तर ती कशी दिली गेली याचा त्याच्या सहीचा खुलासा सोबत हवा.

त्यांनी परत साळुंखे सरांचा मेसेज पाहिला. 'हरकत असल्यास आज पाचपर्यंत कळवा. पोच देऊन काही न कळवल्यास सहमती समजण्यात येईल.' आज पाचपर्यंत, हे चौदा पानांत कुठेच नव्हतं. ते साळुंखे सरांच्या पदरचं होतं.

आदेशाला तेरा दिवस झाले होते. सोमवारी पंधरावा.

पिंपळदरीच्या केंद्रशाळेत साळुंखे सर खुर्चीत रेलून बसले होते. वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर, शर्ट कडक इस्त्रीचा, टेबलावर दोन फोन चार्जिंगला.

"या, डोंगरचे राजे."

"सर, करंजटेपच्या सहमतीबद्दल बोलायचं होतं. ती पोच मी दिलेली नव्हती."

"नंबर तुमचा, फोन तुमचा. मग काय भुताने दिली?"

"मी वर वर्गात होतो. वर रेंज नसते."

साळुंखे सर हसले. "दोन वर्षं बरी होती रेंज? रोज पहिला अंगठा तुमचा. आदर्श म्हणून मी तुमचं नाव वर पाठवून बसलोय. आणि आता शाळा जायला लागली तर रेंज नाही?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गुरुजी कोंडीत सापडलेले पाहून साळुंखे सरांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ आवाज जास्त वाईट होता.

"हे बघा, मोरे. अकरा पोरांसाठी जीव काय काढताय? तुम्हाला रस्त्याची शाळा देतो. दोन वर्षं आरामात काढा, शाल-श्रीफळ घ्या, घरी जा. नाहीतर खोट्या पोचेचा अहवाल मला पाठवावा लागेल. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली की पेन्शन किती लटकते, ते तुम्हाला ठाऊक असेलच. आणि फोन कुणाकडे होता? नाव सांगा. त्यालाही बघतो."

तेवढ्यात टेबलावरचा एक फोन गुरगुरला. साळुंखे सरांची नजर गुरुजींवरून हलली नाही. डावा हात मात्र आपोआप गेला, पडद्यावर टेकला आणि परत आला.

"काय आलं होतं, सर?" गुरुजींनी विचारलं.

"कुठे काय?"

"आत्ता. ज्याला तुम्ही अंगठा दिलात."

साळुंखे सरांनी फोनकडे पाहिलं आणि तो पालथा घातला. "तुम्ही माझी परीक्षा घ्यायला आलात का?"

"ती चौदा पानं वाचलीत का, सर? पान अकरा. हरकतीला पंधरा दिवस आहेत. आज पाचपर्यंत, ही अट तुमची."

क्षणभर त्या माणसाच्या तोंडावरचं सगळं तेज गेलं. "माझ्याकडे वरून सहाला यादी मागितली होती," तो म्हणाला. "तुमच्यासारखं माझंही नाव कुठेतरी लाल होतं, मोरे." मग खुर्ची मागे ढकलून तो उठला. "निघा आता. सोमवारी काही लेखी दिलंत तर तुमचं तुम्ही निस्तरा."

गुरुजी निघाले. खरं सांगायचं तर त्यांना त्या माणसाची कीव आली होती आणि तितकाच संतापही आला होता. दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

रविवारी सकाळी शाळेच्या पडवीत समिती बसली. राहीबाई समितीची अध्यक्ष. आजूबाजूला वाड्यातली पंधरा-वीस माणसं, आबाजी खांबाला टेकून, तोंड फिरवून. कुणी गुरुजींना पाणी विचारलं नाही. एरवी ताकाचा तांब्या ते पोचायच्या आधीच पडवीत येऊन ठेवलेला असायचा.

राहीबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण अकरा वर्षांत तिने एकाही कागदावर न ऐकता अंगठा लावला नव्हता. ठराव असो, हजेरी असो, साधी पावती असो, आधी वाचून दाखवा, मग पुन्हा एकदा वाचून दाखवा, मग ती शाईच्या डबीत अंगठा बुडवणार. गुरुजींना याचा कंटाळा यायचा. मनातल्या मनात ते म्हणायचे, बाईला वाचता येत नाही आणि विश्वासही नाही.

त्यांनी हरकतीचा ठराव वाचला. पुन्हा वाचला. "आता दुसरा कागद," ते म्हणाले. "हा माझा खुलासा."

"त्योबी वाचा," राहीबाई म्हणाली.

गुरुजींनी दुसरा कागद उलगडला. "'करंजटेप शाळेची पोच माझ्या फोनवरून गेली. ती मी दिलेली नाही. मी माझा फोन रोज खाली ठेवून येत होतो आणि माझ्या वतीने पोच देण्याची व्यवस्था मीच केली होती. गेल्या दोन वर्षांतली माझी एकही पोच माझी नव्हती. आदेश न वाचता पोच गेली, ही चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही.'"

आबाजीने तोंड इकडे फिरवलं.

"म्हंजी दोन वर्सं खोटंच चाललं व्हतं?"

"हो."

"आनि आमची पोरं घरी येऊन सांगायची, गुरुजी खोटं बोलू देत नाय."

गुरुजींनी चष्मा काढला. पुसायचं काही नव्हतं तरी पुसला. "हो, आबाजी," ते म्हणाले. इतकी लाज त्यांना सगळ्या नोकरीत कधी वाटली नव्हती.

"नोकरी जाईल ह्याच्यानं?" राहीबाईने विचारलं.

"जाणार नाही बहुतेक. चौकशी लागेल. पेन्शन अडकेल."

"मंग कशापायी लिवता?"

"हा कागद जोडला नाही तर तुमची हरकत धरणार नाहीत. शाळा जाईल."

राहीबाईने त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं काही बोलेल, असं गुरुजींना वाटलं. पण ती धनगराची बाई, तोंडदेखलं बोलायची तिला सवय नव्हती. "पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

गुरुजींनी पुन्हा वाचला. मग राहीबाईने ठरावावर अंगठा उठवला, घट्ट, कडेपर्यंत. बाकीच्या सभासदांनी सह्या केल्या, अंगठे केले. गुरुजींनी खुलाशाखाली सही केली, वळणदार, एकतीस वर्षं फळ्यावर गिरवलेल्या अक्षरातली. पेन खिशाला लावलं. आणि शाईची डबी पुढे ओढून स्वतःचा अंगठा बुडवला.

"तुमी कशाला?" राहीबाई म्हणाली. "तुमाला सही येती की."

"येते. पण त्यांच्याकडे माझा म्हणून एक अंगठा आहे. माझा कसा असतो, तो त्यांना एकदा दिसू दे."

त्यांनी तो सहीशेजारी टेकवला. आबाजी पुढे सरकला आणि कागद वाळेपर्यंत वाऱ्याने उडू नये म्हणून त्याने काठीचं टोक कोपऱ्यावर ठेवलं.

सोमवारी ते रजा टाकून महाडला गेले. चवदार तळ्याच्या कार्यक्रमाचे दिवस, एसटी माणसांनी भरलेली. उभ्यानेच गेले, कागदांची पिशवी छातीशी धरून. तालुक्याच्या ऑफिसात आवकच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "कागद कशाला आणलात, गुरुजी? ग्रुपवर टाकायचं ना."

"शिक्का द्या," गुरुजी म्हणाले.

तिने शिक्का मारला, तारीख घातली. पंधरावा दिवस.

मंगळवारी सकाळी मोटरसायकल लावून ते पायथ्याच्या शाळेपुढून गेले. रेश्मा मॅडम दारात उभी होती. तिने मान वळवून घेतली. फोन आज त्यांच्या खिशातच होता. खिंडीतल्या दगडावर थांबून त्यांनी शिक्का मारलेल्या दोन्ही कागदांचे फोटो ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'कृपया उघडून वाचावे.'

मग ते बघत बसले. एकेक जण वाचत गेला. पाच. अकरा. सोळा. सगळे एकोणीस, त्यात साळुंखे सर, त्यात रेश्मा मॅडम. या ग्रुपवर शौचालयाच्या फोटोलाही अर्ध्या तासात एकोणीस अंगठे येत. याला एकही आला नाही. तीस मिनिटं झाली, चाळीस झाली. मग पडद्यावर एक ओळ आली. अश्विन साळुंखे यांनी तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकलं.

गुरुजींनी ती ओळ दोनदा वाचली. पडद्यावर टेकलेल्या अंगठ्यावर अजून शाईचा पुसट निळा डाग होता. सुनावणीची तारीख, नोटीस, चौकशी, आता जे काही कळवायचं असेल ते कळवायला कुणाला तरी हा डोंगर चढून यावं लागणार होतं.

ते उठले. उशीर झाला होता. वर पोचले तेव्हा पडवीत ताकाचा तांब्या ठेवलेला होता, आणि अकरा पोरं आपापल्या जागी बसली होती. गुरुजींनी हजेरी उघडली. एकेक नाव मोठ्याने वाचलं आणि "हजर" ऐकल्याशिवाय पुढच्या नावाकडे गेले नाहीत.